नंदीच्या कानाशी

“मग तुम्हीच सांगा महाराज, लोकांच्या भिंतींना कान लावून बसायचा हक्क सरकारला दिला कुणी?”

दयाळगिरी महाराजांनी फडकं बादलीत बुडवलं. ते नंदीचा कान पुसत होते.

नाव दयाळगिरी, पण ती दया त्यांनी कुठं जपून ठेवली होती कुणास ठाऊक. मठात आलेल्याला ते धड बस म्हणत नसत. कुणी पाया पडायला वाकलं तर पाय आखडून घ्यायचे आणि विचारायचे, काम काय ते बोल.

आणि त्यांच्यापुढं उभे होते वकील उल्हास कोठावळे. अख्खा जिल्हा ज्यांच्या जिभेला टरकून असायचा, ते. लहानपणी वडिलांचं बोट धरून या मठात आलेले. महाराजांना गुरू मानणारे, पण गुरूपुढंही खाली बसायला तयार नसलेले. सभामंडपात येरझाऱ्या घालत होते आणि बोलत होते. बोलणं कसलं, तोंडाचा पट्टा सुटला होता.

सरकार म्हणे नवा कायदा आणतंय. माणसानं माणसाला फोनवरून पाठवलेला कुठलाही निरोप मुळात कुणी लिहिला, हे मागितल्याबरोबर कंपनीनं सांगायचं. का, तर सुरक्षेसाठी. आता निरोप काय फक्त दंगलीचेच असतात? बायको नवऱ्याला लिहिते, पेशंट डॉक्टरला लिहितो, अशील वकिलाला लिहितं. चार भामटे सापडावेत म्हणून सगळ्या गावाची पाकिटं फोडायची, ही कुठली रीत? आणि विचारायला जावं तर मंत्री तोंड वर करून म्हणतात, ज्यानं काही केलं नाही त्यानं घाबरायचं कशाला. म्हणजे आता रात्री दाराला कडी लावणाराही चोर ठरला.

कंपन्या तर त्याहून नालायक. घरात बसून पंख्याबद्दल चार शब्द बोलावेत, तर दुसऱ्या दिवशी फोनवर पंख्यांच्या जाहिराती. ‘मला मान्य आहे’ असं बटण दाबायचं, आणि काय मान्य आहे ते वाचायला बसलं तर दिवाळी उजाडेल. दाबलं नाही तर फोन चालत नाही. याला हे लोक संमती म्हणतात. गळ्याला सुरी लावून घेतलेली सही आहे ही, दुसरं काय?

मध्यंतरी तालुक्यात दोन मंडळांची मारामारी झाली, तर सगळ्या तालुक्याचं इंटरनेट बंद करून टाकलं. पोरांचे परीक्षेचे अर्ज अडकले, दवाखान्यातले रिपोर्ट अडकले. कुणी जाब विचारला नाही. आता चौकात चेहरा ओळखणारे कॅमेरे बसणार आहेत. माणूस चहा प्यायला कुणाबरोबर गेला, हेसुद्धा साहेबाला ठाऊक हवं.

हे सगळं खरं होतं, बरं का. उल्हासरावांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि रागही वरवरचा नव्हता. हायकोर्टात त्यांनी पदरमोड करून याचिका टाकली होती. उद्या शहरात त्यांची सभा होती. तिला महाराजांनी यावं, निदान आशीर्वाद तरी द्यावा, एवढ्यासाठी आलोय, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

महाराज कान पुसत राहिले.

त्या कानाबद्दल सांगायला हवं. शंकराच्या देवळात नंदीच्या कानात मनातलं सांगायची रीत सगळीकडंच आहे. तोंडाशी हात आडवा धरायचा, वाकायचं, आणि जे जितंजागतं माणूस ऐकून घेणार नाही ते दगडाला सांगायचं. पुढं देवापर्यंत पोचवायचं काम नंदीचं. पण या मठात आणखी एक रीत होती, ती दुसरीकडं कुठं बघायला मिळायची नाही.

कुणी नंदीच्या कानाशी वाकलं, की मंडपात जो कोण असेल त्यानं उठून घंटा वाजवायची. वाकलेलं माणूस सरळ होईपर्यंत थांबायचं नाही.

कारण साधं होतं. दगडी मंडप तो, कितीही हळू बोललं तरी घुमणार. आणि माणसाचा कान मोठा चोरटा, नको म्हटलं तरी तिकडं जाणार. म्हणून घंटा. सासू वाकली की सून वाजवायची, सून वाकली की सासू. कोर्टात एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊबंद इथं एकमेकांसाठी घंटेचा दोर ओढत. आपल्याच नावानं गाऱ्हाणं चाललंय हे पक्कं ठाऊक असलं, तरी ओढत.

“महाराज, काहीतरी बोला की.”

“तू बोलतोयस की.”

उल्हासराव चिडले. पण त्यांचं बोलणं आता तुटत चाललं होतं. हात सारखा खिशाकडं जायचा. फोन काढायचे, एक नजर टाकायचे, परत ठेवायचे. कायद्याचं एक कलम सांगता सांगता मध्येच विसरले, आणि कधी नव्हे ते महाराजांसमोर खाली बसले.

“खरं सांगू का… सभेचं निमित्त झालं. मी शांभवीसाठी आलोय.”

शांभवी त्यांची एकुलती एक लेक. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. लहानपणी बडबड करून डोकं उठवणारी पोर दिवाळीपासून घरात गप्प होती. जेवायला हाक मारली की यायची, विचारलं तर ‘हं’ म्हणायची, ताट उचलून निघून जायची. आईशी जेवढ्यास तेवढं, आणि बापाशी तर मिठाची गुळणी धरून बसलेली. पण दर सोमवारी कॉलेज सुटलं की ती स्कूटी काढून नदीपलीकडच्या या मठात यायची. नंदीच्या कानाशी वाकायची. वाकली की लवकर उठायची नाही.

हे सांगताना उल्हासरावांचा आवाज खाली आला. कोर्टात तो आवाज कधी खाली आलेला कुणी ऐकला नसेल.

“तुम्ही तर इथंच असता महाराज. काय सांगते ती?”

महाराजांचा हात थांबला.

“घंटा वाजते.”

“एखादा शब्द तरी कानावर पडला असेल…”

“घंटा वाजते.”

“मी बाप आहे तिचा.”

महाराजांनी फडकं पिळलं आणि पुन्हा कान पुसायला घेतला. किती वर्षांचं तेल आणि किती जणांच्या गालांचा घाम त्या दगडात मुरला होता कुणास ठाऊक. कान नुसता काळाभोर झाला होता.

उल्हासरावांनी हात जोडले. निदान आज तुम्ही तिला विचारा, म्हणाले. तुमच्याशी ती बोलेल. तुमचा शब्द ती मोडणार नाही.

“आत्ता येईलच. पुलावर पोचलीय.”

महाराजांनी मान वर केली. मठापासून पूल दिसत नाही. मध्ये उसाची शेतं आहेत आणि मग वळण आहे.

“पुलावर? तुला कुठनं दिसली?”

उल्हासरावांच्या तोंडातून शब्द निसटून गेला होता आणि तो आता परत घेता येण्यासारखा नव्हता. साक्षीदाराला असाच बोलता बोलता पकडायची त्यांची ख्याती होती. आज स्वतः सापडले. त्यांनी फोन पुढं केला. फोनवर नदीचा नकाशा होता, आणि एक निळा ठिपका पूल ओलांडून मठाच्या रस्त्याला लागत होता.

महाराजांनी तो ठिपका बराच वेळ पाहिला.

“अजून काय दिसतं यात?”

उल्हासरावांनी फोन मागं घेतला.

“विचारतोय मी.”

“तिचे निरोप दिसतात. कुणाला फोन केला ते दिसतं.”

“तिला ठाऊक आहे?”

“नाही.”

मग उल्हासराव सगळं सांगायला लागले, आणि त्यातही खोटं काही नव्हतं. मागच्या वर्षी त्यांच्याकडं एका मुलीची केस आली होती. कुण्या हरामखोरानं तिचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या उघड्या फोटोवर चिकटवला आणि गावभर फिरवला. कंपनीला पत्रावर पत्रं लिहिली, उत्तर नाही. पोलिसांनी या टेबलावरून त्या टेबलावर नाचवलं. मुलीची आई ऑफिसात येऊन बसायची आणि बोलायची नाही, नुसता पदराचा काठ पिळत राहायची. अशाच एका संध्याकाळी उल्हासराव घरी आले. शांभवी आंघोळीला गेली होती. तिचा फोन टेबलावर होता. त्यांनी त्यात पाळत ठेवणारं ॲप बसवून टाकलं.

घाबरले होते. बाप होते, घाबरले होते. त्याबद्दल त्यांना कोण दोष देईल?

सुरुवातीला निरोप वाचून त्यांना हसूच यायचं. मैत्रिणींची टिंगल, सरांच्या नकला, कुठल्या तरी पिक्चरवरून भांडण. मग निरोप कमी झाले. दिवाळीनंतर तर फोन धुऊन काढल्यासारखा. ‘नोट्स पाठव’, ‘पाठवल्या’, एवढंच. ते वाचून त्यांचा जीव आणखीनच टांगणीला लागला होता. आता ते रोज बघायचे, मध्यरात्री उठूनही बघायचे. काहीच सापडत नव्हतं.

“तिच्या सुरक्षेसाठीच केलं महाराज.”

“हा शब्द मी मघाशी ऐकला.”

“कुठला?”

“तूच सांगत होतास. त्या सरकारचा.”

उल्हासरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ते सरकार आहे. मी बाप आहे.”

“सरकारलाही लोक मायबापच म्हणतात.”

झालं. उल्हासराव ताडकन उठले आणि जे बोलू नये ते बोलले. म्हणाले, तुम्ही गोसावी. तुम्हाला ना बायको ना पोर, तुम्हाला काय कळणार पोटच्या पोरीची काळजी? दगडाचे कान पुसत बसणं सोपं असतं. जगात काय चाललंय ते या मठाच्या भिंतीआडून दिसत नाही. माझी पोर उद्या कुणाच्या तावडीत सापडली, तर तुमची घंटा येणार आहे का तिला सोडवायला? सरकार परकं आहे, कंपन्या लुटारू आहेत, त्यांनी आमच्या घरात बघायचं नाही. पण माझ्या घरात मी बघायचं नाही, तर बघायचं कुणी?

मंडपात त्यांचा आवाज घुमत राहिला. कळसावरची कबुतरं उडाली.

महाराज ऐकत होते. त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती. म्हाताऱ्याचा राग मठातल्या लोकांनी पाहिलेला होता. एकदा एका पुढाऱ्यानं नंदीजवळ उभं राहून आपला फोटो काढायला लावला, तेव्हा याच म्हाताऱ्यानं पाण्याची बादली त्याच्या अंगावर रिकामी केली होती. आजही बादली हाताशीच होती.

पण त्यांनी फडकं तेवढं बादलीत आपटलं.

“संपलं? फोन त्या कोनाड्यात ठेव.”

“महाराज…”

“ठेव. आणि घंटेखाली उभा राहा. आज मी वाजवणार नाही. तू वाजवायचीस.”

बाहेर स्कूटी थांबल्याचा आवाज आला.

उल्हासरावांनी फोन कोनाड्यात ठेवला. गुरूचा शब्द म्हणून ठेवला की लेकीला दिसू नये म्हणून ठेवला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. घंटेच्या लोलकाला बांधलेला दोर त्यांनी हातात घेतला. कित्येक हातांनी तो गुळगुळीत झाला होता.

शांभवी आत आली. उंबऱ्यापाशी बापाला पाहिलं आणि थबकली. चेहरा आधी उतरला आणि मग घट्ट झाला. ती तशीच मागं फिरणार, असं उल्हासरावांना वाटलं.

“ये,” महाराज म्हणाले. “आज घंटा तुझे वडील वाजवतील.”

तिनं बापाकडं पाहिलं नाही. महाराजांनाच विचारलं, “मध्येच थांबणार नाहीत ना?”

“ते त्यांना विचार.”

तिनं विचारलं नाही. नुसती उभी राहिली. कित्येक महिन्यांनी ती आपल्या उत्तराची वाट बघतेय, हे उल्हासरावांच्या ध्यानात आलं.

“नाही थांबणार, बाळ. तू उठेपर्यंत नाही थांबणार.”

शांभवीनं बेलाची पानं नंदीपुढं ठेवली. ओढणी मागं सारली. तोंडाशी हात आडवा धरला आणि वाकली.

उल्हासरावांनी दोर ओढला.

घंटा मोठी होती. पहिल्याच ठोक्याला त्यांच्या छातीत हादरा बसला. त्यांनी दुसरा दिला, तिसरा दिला. अंगात मघाचा राग होताच. सरकारवरचा, कंपन्यांवरचा, म्हाताऱ्यावरचा, त्या फोटो चिकटवणाऱ्या हरामखोरावरचा. तो सगळा त्यांनी दोरावर काढला. मंडपात दुसरा आवाज म्हणून राहिला नाही. बाजूला महाराज भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

लेकीची पाठ त्यांना दिसत होती. वाकलेली, लहानपणी सायकलवर असायची तशीच किडकिडीत. ती बोलत होती. मानेच्या शिरा हलताना दिसत होत्या. बोलत होती आणि बोलतच होती, पाणी फुटावं तशी. इतकं सगळं साठलं होतं तिच्यात? आणि घरात एक ‘हं’?

मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडत होती.

हात थांबवायचा असं उल्हासरावांनी ठरवलं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. हात नुसता जड झाला. एक ठोका उशिरा पडला. पुढचा हलका पडला. आणि त्या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीतून एक शब्द बाहेर आला.

“…पप्पांना…”

पप्पांना काय?

पप्पांना सांग? पप्पांना कळू दे? पप्पांना कधी… काय पप्पांना?

आपलंच नाव. आपल्याच लेकीच्या तोंडून. हातभर अंतरावर सगळं बोललं जात होतं. महिनोन् महिने फोनमध्ये शोधलं ते सगळं तिथं, त्या दगडाच्या कानात जात होतं. एक ठोका चुकवला तर पुढचा शब्द मिळणार होता. फक्त एक. कुणाचं काय बिघडणार होतं?

घंटा थांबली.

मंडप एकदम मोकळा पडला. घंटेचा नाद भिंतींत फिरून फिरून विझला. उल्हासरावांनी जिवाचे कान केले.

शांभवी अजून वाकलेलीच होती. तोंडावर हात तसाच होता. पण मानेच्या शिरा हलत नव्हत्या. श्वासही घेत नसावी.

काहीच ऐकू आलं नाही.

मग ती सावकाश सरळ झाली. ओढणीनं डोळे पुसले. वळून बापाकडं पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. त्या नजरेत राग नव्हता. आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा एकदा दिसावी, तशी ती नजर होती.

तिनं पिशवीतून स्वतःचा फोन काढला. बेलाच्या पानांशेजारी, नंदीच्या पायाशी ठेवला.

“हा इथंच ठेवते, पप्पा. मी कुठं आहे ते तुम्हाला दिसत राहील.”

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, हे विचारायची हिंमत उल्हासरावांना झाली नाही. ती महाराजांच्या पाया पडली. महाराजांनी आज पाय आखडले नाहीत. चपला घालून ती बाहेर गेली. स्कूटी सुरू झाली आणि आवाज उसाच्या शेतांमधून दूर दूर होत गेला.

उल्हासराव कोनाड्याकडं गेले. सवयच ती. फोन उचलून पाहिला. नदी होती, पूल होता, आणि निळा ठिपका जागचा हलला नव्हता. शांभवी इथंच आहे, असं फोन सांगत होता. मठात, नंदीच्या पायाशी.

स्कूटीचा आवाज आता येतही नव्हता.

त्यांनी फोन खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. काय करावं ते सुचेना, तेव्हा ते महाराजांवरच उसळले. तुम्हीच मला दोर दिलात, म्हणाले. तुम्हाला ठाऊक होतं हे असंच होणार. आणि एवढं करून हाती काय लागलं?

“पुढं ती काही बोललीच नाही महाराज. मी नीट ऐकत होतो. एक शब्द नाही…”

घंटेचा दोर अजून झुलत होता. महाराज उठले. त्यांनी तो हातात धरून स्थिर केला.

“घंटा वाजत होती तोवर बोलत होती.”